दादाचे कलम आणि बशीतल्या पेशी

आमची पावसजवळ हापूसची बाग आहे आणि कोय कलमे बांधण्यात दादाचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी आषाढात कलमाच्या जोडावर प्लॅस्टिकची पट्टी आवळताना त्याचा उजवा अंगठा साथ देईनासा झाला आणि दिवाळीपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग खोलगट दिसू लागला. मानेच्या मणक्याचा त्रास समजून तीन-चार महिने शेक घेण्यात गेले; दंडाचे मांस आपोआप लवते, हे ना कोणी विचारले, ना आम्ही सांगितले. मुंबईत ईएमजी, म्हणजे स्नायू आणि चेतांची विद्युत तपासणी, झाल्यावर मोटर न्यूरॉन डिसीजचे, म्हणजे स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचे निदान झाले. रिलुझोल सुरू झाले. ते आजाराची गती थोडी कमी करते, गेलेली ताकद परत आणत नाही.

अशा वेळी स्टेम सेलची, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशींची, जाहिरात न बोलावता घरात येते. एका शहरातल्या क्लिनिकने कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यात सोडण्याचे काही लाख रुपये सांगितले आणि वहिनींनी पाटल्या काढून ठेवल्या. मी त्या क्लिनिकला तीनच गोष्टी विचारल्या: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक कोणता, नीतिमत्ता समितीची मंजुरी कुठे आहे आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का घेता. उत्तरादाखल बरे झालेल्या रुग्णांचे सात व्हिडिओ आले, क्रमांक आला नाही. आयसीएमआर या देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर चाचणीबाहेर असा उपचार करणे अनैतिक ठरते, हे आम्हांला मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले.

मग स्टेम सेलचा उपयोग तरी काय, असे दादाने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी जे समजावले ते कलमे बांधणाऱ्याला चटकन पटले. २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले. २००८ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी याच आजाराच्या एका ८२ वर्षांच्या बाईंच्या त्वचेच्या पेशी अशाच मूळ अवस्थेत नेऊन त्यांच्यापासून प्रयोगशाळेतल्या बशीत मोटर न्यूरॉन तयार केले. कलमकाडी ज्या झाडाची, त्याचे गुण-दोष कलमात उतरतात, तसाच रुग्णाचा जनुकीय दोष त्या पेशींत उतरतो. जिवंत माणसाच्या कण्यातून मोटर न्यूरॉन काढून तपासता येत नाहीत, म्हणून बशीतल्या या पेशींवर औषधे लावून पाहायची. टोकियोच्या केओ विद्यापीठात अशा पेशींवर १,२३२ औषधे तपासली गेली आणि त्यांतून रोपिनिरोल हे पार्किन्सन्सचे जुने औषध पुढे आले. क्योटोतल्या संशोधकांना याच वाटेने रक्ताच्या कर्करोगावरचे बोसुटिनिब सापडले.

रोपिनिरोल बाजारात मिळते, हे कळताच मी साहजिकच चिठ्ठी मागितली. डॉक्टरांनी ठाम नकार दिला, कारण २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवघे २० रुग्ण होते. बशीत पेशी तगल्या म्हणजे माणूस तगतो असे नाही, आणि त्या औषधाने रक्तदाब उतरून चक्करही येते. मला राग आला होता, हे कबूल करतो. दादाला मात्र आला नाही. शंभर कलमे बांधली तरी सगळी जगत नाहीत, मग वीस कलमांवरून नव्या पद्धतीची खात्री कोण देईल, एवढेच तो म्हणाला. त्याची जनुक तपासणीही करून घेतली. एसओडी१ या जनुकात दोष निघाला नाही, म्हणून त्या दोषावरचे टोफर्सेन हे औषधही त्याच्या कामाचे नव्हते.

क्लिनिकचा फोन महिनाभर येत राहिला, पण शेवटी वहिनींनीच त्यांना स्पष्ट शब्दांत नकार कळवला. पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत. त्या वर्षीच्या आंब्याच्या पैशांतून रात्रीच्या श्वासासाठी बायपॅप यंत्र घेतले आणि पडवीच्या पायऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून घेतला. यंदाच्या आषाढात त्याच उतारावरून दादा खळ्यात आला. कलमे मी बांधली, आणि माझ्या पहिल्या चार पट्ट्या त्याने सोडायला लावल्या.