सब तापतोय: आधी कॉइलचं तापमान काढलं

मेव्हण्याने घेतलेल्या सेकंडहँड हॅचबॅकमध्ये १२ इंची सब (सबवूफर, म्हणजे खोल बासचा स्पीकर), पोर्टेड बॉक्स (हवेसाठी नळी, म्हणजे पोर्ट असलेला) आणि २ ओहमला ५०० वॉट देणारा मोनो, म्हणजे एका चॅनलचा अँप आधीपासूनच होता. तक्रार अशी की थोडा वेळ दणकून वाजवलं की बास मवाळ पडतो आणि डिकी उघडली की वार्निश करपल्याचा वास येतो. अँप मात्र जेमतेम कोमट.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे डिकीत पंखा बसवा. पंखा अँपच्या कामाचा. सबची उष्णता मॅग्नेटच्या फटीत, कॉइलवर (सबचा पडदा हलवणाऱ्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीवर) असते, तिथे बाहेरचा वारा पोचतच नाही. सबला दिलेल्या पॉवरपैकी एखाद-दुसरा टक्काच आवाज होतो, बाकीची कॉइल तापवण्यात जाते.

म्हणून आधी मोजमाप. सब ड्युअल ४ ओहमचा, म्हणजे ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला. दोन्ही कॉइल पॅरलल असताना साधा मल्टिमीटर नीट सांगत नाही, म्हणून एकच कॉइल सुटी करून मोजली. मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा जाता गार असताना ३.५ ओहम. जोरात वाजवून लगेच मोजली तर ५.०! तांब्याचा रेझिस्टन्स दर १० अंशांना साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. इथे वाढ ४३ टक्के, म्हणजे ३० अंशांवरून कॉइल १४० च्या आसपास गेलेली. वायर सोडवेपर्यंत ती थोडी निवतेच, तेव्हा खरा आकडा याच्याही वर. बास मवाळ का होतो तेही इथेच कळलं: ओहम वाढले की त्याच व्होल्टेजला सब कमी पॉवर ओढतो.

मग अँप. सब काढून ५० हर्ट्झचा टोन लावला. ५०० वॉट, २ ओहम म्हणजे सुमारे ३१.६ व्होल्ट यायला हवेत, आले ४१. गेन (आत येणारा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) पार टोकाला, वर बास बूस्ट १२ डीबी. १२ डीबी म्हणजे १६ पट पॉवरची मागणी! अँप ती देऊ शकत नाही, मग क्लिप होतो, म्हणजे लाटेचे माथे कापले जातात. ‘क्लिपिंगमध्ये डीसी जातं म्हणून कॉइल जळते’ (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट) हे आपल्यात फार चालतं, पण मला ते पटत नाही. लाटेचे माथे सपाट झाले की सरासरी पॉवर वाढते. साइनची पूर्ण चौकोनी लाट झाली तर तेवढ्याच उंचीला दुप्पट. कॉइल त्याने भाजते.

वायरिंगचं तर विचारूच नका. बासचा ठोका पडला की बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि अँपवर १२.१. वायर खरवडली तर आत चंदेरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अर्थिंगची वायर गाडीच्या बॉडीच्या रंगावरच आवळलेली. शुद्ध तांब्याची ४ गेज टाकली, रंग घासून अर्थिंग दिलं, फ्यूज बॅटरीजवळ घेतला. आता फरक ०.४ व्होल्टचा.

बूस्ट बंद, गेन अँपमधून ३१ व्होल्ट येतील इतकाच. त्याच गाण्यांवर कॉइल ४.२ ओहम, म्हणजे ८० अंशांच्या आसपास. मेव्हण्याच्या मते आवाज ‘जरा कमी, पण ठोका स्पष्ट’.

उरलंय ते बॉक्सचं. ३८ हर्ट्झच्या टोनला कोन (सबचा हलणारा पडदा) जवळपास स्तब्ध आणि पोर्टमधून वारा सुसाट, म्हणजे बॉक्सचं ट्यूनिंग (पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो ती) तिथेच. तिथे कोन हलत नाही, त्यामुळे कॉइलला वारा लागत नाही, आणि इम्पिडन्सही (त्या टोनला सबचा एकूण अडथळा) खाली येतो. डीजे मिक्समधला लांबलचक बास नेमका याच पट्ट्यात घुमतो. पुढच्या रविवारी सबसॉनिक फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचा बास कापणारा) २८ हर्ट्झवर लावून, अशा लांबलचक बासचं एक गाणं पूर्ण वाजवून पुन्हा ओहम मोजणार आहे.