चमकीचं पिवळं

रविवार, रात्री साडेअकरा

आज गाडीच्या शर्यतीत टायमिंग चांगलं बसलं. तीन वर्षांतलं सगळ्यात चांगलं. वाटेत मांडलेला एकही प्लास्टिकचा कोन पडला नाही, म्हणजे वरून पाच-पाच सेकंदांचा दंड नाही. तरी घरी आलो तो तोंड पाडूनच. हिनं भाकर वाढता वाढता विचारलं, "हरले का?" नाही म्हटलं. "मंग गाडीले काई झालं?" तेही नाही. मग ती गप्प झाली, आणि तिनं आणखी एकदा विचारायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

चाचांना ऐकू येत नाही.

काल संध्याकाळी त्यांच्या गॅरेजात गाडी आणायला गेलो. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरचा गॅप, सेट करून, वरचं कव्हर बसवून ठेवलेलं, बोल्टवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ ओढलेली. ती रेघ म्हणजे चाचांची सही. बोल्ट कोणी फिरवला तर रेघ तुटते, आणि मग "माह्या कामात हात कोनं घातला?" म्हणून अख्खं गॅरेज डोक्यावर. गाडी चालू केली. टक टक टक टक. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बिडी पेटवत होते. "पाय," म्हणाले, "घड्याळावानी चालून राह्यली."

घड्याळासारखीच चालत होती, तीच तर तक्रार होती.

"हाव चाचा," म्हणालो. पैसे दिले, निघालो.

कालपासून हे "हाव" घशात अडकलंय. लॉकनट आवळताना आतला स्क्रू जरासा सोबत फिरतो, गॅप वाढतो आणि टकटक सुरू होते. हे कोणाच्याही हातून होतं, त्यांच्याही हातून पूर्वी झालं असेल. पण पूर्वी गाडी चालू केली की पहिल्या दोन सेकंदांत त्यांना कळायचं. दहा पावलांवर बाजेवर बसून चहा पिता पिता ते सांगायचे की दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ढिल्ला हाय. मी 2015 ला ही गाडी घेतली तेव्हा तर ती गेटातून आत येण्याआधीच त्यांनी तिचे तीन रोग मोजून सांगितले होते. तिन्ही खरे निघाले. एकाचे पैसे मला अजून आठवतात.

यंदा दिवाळीपासून मात्र लांब स्क्रू-ड्रायव्हर बाहेर निघाला होता. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. मिस्त्री लोक करतातच तसं, हाडातून आवाज चांगला येतो. पण चाचा कधी करत नव्हते. इतकं डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्यांना "बारीक तपासून राह्यले वाटते" असं म्हणून मोकळा झालो.

मी बोललो का नाही? वयाचा मान, असं आधी वाटलं. खोटं आहे ते. मला भीती वाटली. ह्यांनी हात टेकले तर तालुक्यात 97 सालच्या मारुती 800 चं पोट उघडणारं दुसरं आहे कोण? चौफुलीवरच्या नव्या गॅरेजातल्या पोराला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारा जुना भाग, दाखवला तर म्हणतो, काका, स्कॅनर कुठं लावाचा? त्याचा तरी काय दोष. शेवटची 800 कारखान्यातून निघाली 2014 च्या जानेवारीत, कार्बोरेटर तर तिच्या कितीतरी आधी गेला. आणि आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. नव्या गाड्या सेन्सरवर आपलं आपण सांभाळून घेतात. कार्बोरेटरला कोण सांगणार? मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, कोनावरून वळून पाय दिला की गाडी आधी विचार करते, मग पळते. मागच्या वर्षी चाचांनी कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा मेन जेट बदलला, मऊ पडलेले रबरी पाइप बदलले, आणि सायलेन्सरकडे कान देऊन अर्ध्या-अर्ध्या आट्यानं स्क्रू फिरवत गाडी जागेवर आणली. तेव्हा येत असेल ऐकू. का तेव्हाही नुसता हातच काम करत होता?

बाबांनाही शेवटच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, झेंडी दिसली नव्हती. कोणी बोललं नाही. पुढं 2014 ला कोर्टानं पट बंद केला, जोडी विकली, आणि सगळ्यांना बंदीच्या नावावर सुटल्यासारखं झालं. 2021 च्या डिसेंबरात परत परवानगी आली तेव्हा बाबा... जाऊ दे. तो विषय आज नको.

मुद्दा असा की माझ्यावरच ही पाळी का यावी. लोक गाड्या विकतात, नव्या घेतात, कंपनीत नेऊन उभ्या करतात, चहा पितात, बिल भरतात. मी मात्र 2017, 2022 असं दर पाच वर्षांनी पासिंगच्या खिडकीशी उभा. मागल्या खेपेला पाच हजार भरले, पुढच्या वर्षी, 2027 ला, दहा हजार. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी दुप्पट केली. भंगारवाल्यानं सांगितलेला भाव आणि ही फी आता एकमेकांना हाका मारायच्या अंतरावर आल्यात. आणि हे सगळं कशासाठी, तर एका पडीक वावरात एकेका मिनिटाच्या चार फेऱ्या मारायच्या आणि नाकातोंडात काळ्या मातीचा धुराळा घेऊन घरी यायचं.

हे लिहिताना मला माझीच दया आली होती. आता परत वाचलं तर थोडं हसू येतंय.

कारण काल रात्री काय केलं ते मी अजून लिहिलंच नाही. इंजिन पुरतं थंड व्हावं म्हणून अकरापर्यंत थांबलो. मग कोठ्यात, म्हशीच्या शेजारी, मोबाइलची बॅटरी दातात धरून कव्हर उघडलं. चोरासारखं. सहाही व्हॉल्व्हमधून फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, फिरवला. पाच बरोबर. दोन नंबरचा एक्झॉस्ट ढिला. म्हणजे चाचांनी दहा वर्षांपूर्वी शिकवलेलं माझ्या कानात शाबूत होतं. खरं सांगतो, त्या क्षणाला मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. मी ऐकलं आणि त्यांनी नाही, ह्याचा. हेच कालपासून टोचतंय बहुतेक. भीती-बिती नंतरची.

गॅप बसवला, कव्हर लावलं, आणि मग ती रेघ. पिवळा ऑइलपेंट रात्री बाराला कुठून आणू? पोरीच्या नेलपॉलिशच्या शिश्यांत पिवळी सापडली, तीच ओढली बोल्टवर. सकाळी उन्हात पाहिलं तर चमकीची. लग्नातल्या नवरीसारखे बोल्ट.

आज गाडी मात्र अशी पळाली की काय सांगू. बारा इंची चाकं, चार गिअर, चाळिशीच्या आतले घोडे, आणि तरी शेवटच्या वळणावर हँडब्रेक ओढला तर मागचा भाग अलगद फिरून बरोबर कोनाच्या हातभर बाहेर उतरला. वजनच नाही तिला. मोठ्या गाड्यांची पोरं बघायला आली. एकानं विचारलं, ट्यूनिंग कोनाचं? चाचांचं, म्हणालो, आणि म्हणताना मान ताठ होती. ते अगदीच खोटं नव्हतं.

संध्याकाळी चाचांचा फोन. "कसं झालं?" सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ओरडून. "आवाज?" म्हणाले. "एक नंबर," मी ओरडलो. पलीकडं थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं, आवाज चांगलाच असन." हे कसं म्हणाले, ते काही मला नीट कळलं नाही. फोनवर चेहरा दिसत नाही. कदाचित नुसतंच म्हणाले असतील.

घरी येताना जळक्या तेलाचा वास येत होता. बॉनेट उघडलं तर कव्हरच्या कडेनं तेल झिरपून गरम एक्झॉस्टवर पडतंय. जुनं पॅकिंग रबर कडक झालेलं. एकदा उघडलं की परत बसत नाही, हे मला माहीत होतं. नवीन पॅकिंग चाचांकडेच मिळतं, आणि बसवायलाही तेच लागतात, कारण हे काम आपलं नव्हे हे आता सिद्धच झालंय. म्हणजे शनिवारी गाडी त्यांच्यापुढे. आणि त्यांचे कान गेले असतील, डोळे शाबूत आहेत.

आत्ता पुन्हा कोठ्यात जाऊन आलो. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या ऑइलपेंटचा डबा फळीवर होता. झाकण चिकटलेलं, पेचकसानं उचकटलं.

हिरवा निघाला.