आमची वाटचाल: डिझायनरची हमाली कमी करायची म्हणून

आम्ही आधी क्लायंटसाठी अॅपचे आणि वेबसाइटचे स्क्रीन डिझाइन करायचो, प्लगइन (डिझाइनच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) विकायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. पण वेळ विचार करण्यात कमी आणि हमालीत जास्त जायचा, म्हणजे 'ग्रुप 247' छाप लेयरना (स्क्रीनच्या एकेका तुकड्याला) नावं द्या, एकच निळा दोन-तीन वेगवेगळ्या हेक्स कोडने (रंगाच्या आकड्याने) फाइलभर पसरलाय तो शोधून काढा, बटणांचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) सारखं करा, आणि हे सगळं डेव्हलपरला फाइल द्यायच्या आदल्या रात्री. तेव्हा आमचं काम स्केच या डिझाइन सॉफ्टवेअरवर चालायचं, त्यात जावास्क्रिप्टने प्लगइन लिहिता यायचे, म्हणून लेयरची नावं सुधारणारा एक स्वतःपुरता लिहिला. ओळखीच्या डिझायनरांनी मागितला, मग त्यांच्या ओळखीच्यांनी, आणि धंदा तिथून सुरू झाला.

2016 ला फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं झालं आणि कामाची पद्धतच बदलली, ब्राउझरमध्ये एकाच फाइलवर चार जण एकदम. ऑगस्ट 2019 मध्ये तिथे प्लगइन आले तेव्हा आम्ही क्लायंटची कामं कमी करत करत पूर्णवेळ यातच उतरलो. कोड नव्याने लिहिला, कारण इथे प्लगइनचा मुख्य कोड सँडबॉक्समध्ये (बाकीच्यापासून बंदिस्त जागेत) चालतो, समोर दिसणारी खिडकी वेगळ्या आयफ्रेममध्ये (पानातल्या पानात) असते, आणि दोघं एकमेकांना मेसेज पाठवतात.

एक नियम पहिल्यापासून पाळलाय, फाइल दुसऱ्याची आहे हे विसरायचं नाही. साधं उदाहरण सांगतो. टेक्स्ट लेयरमधला मजकूर बदलायचा तर आधी त्याचा फाँट लोड करावा लागतो, आणि तो फाँट त्या माणसाकडे नसला तर? आमचा प्लगइन तो लेयर आहे तसा सोडतो आणि शेवटी यादी देतो, की हे एवढे राहिले, तुम्ही बघा. परस्पर दुसरा फाँट टाकत नाही. तसंच प्रत्येक क्लिकची वेगळी अनडू स्टेप ठेवलीय, नाहीतर एकदा अनडू केलं की प्लगइनने केलेलं सगळंच एकदम मागे जाऊ शकतं आणि माणूस घाबरतो. ही कामं डेमोमध्ये दिसत नाहीत पण लोक टिकतात ते यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

यूआय किट, म्हणजे बटणं, याद्या, स्क्रीन असे तयार भाग, नंतर आलं. बाजारात किट ढिगाने आहेत, सुंदर आहेत, पण बऱ्याच किटांत सगळे स्क्रीन भरलेले, नावं छोटी, फोटो देखणे. खऱ्या प्रॉडक्टमध्ये यादी रिकामी असते, नेट जातं, कार्ड रिजेक्ट होतं, जर्मन भाषांतर बटणाबाहेर जातं, देवनागरीची वेलांटी कमी लाइन हाइटमुळे वरून कापली जाते. म्हणून आमच्या प्रत्येक कंपोनंटमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या भागात) लोडिंग, एरर, रिकामी आणि लांब मजकुराची अवस्था आधी बनते, देखणी अवस्था सगळ्यात शेवटी. रंगही तसेच, साध्या मजकुराला बॅकग्राउंडशी 4.5:1 काँट्रास्ट आणि मोठ्याला 3:1, डब्ल्यूसीएजी या, वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीच्या एए लेव्हलप्रमाणे, त्याखाली गेलेला रंग किटमध्ये घेतच नाही मग तो कितीही छान दिसो. प्लेसहोल्डरचा (रिकाम्या रकान्यातल्या सूचनेचा) तो फिकट करडा सगळ्यांना हवा असतो, आम्ही देत नाही.

फिग्मात ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहानमोठी होते ती सोय) आलं तेव्हा किट पुन्हा बांधलं, 2023 मध्ये व्हेरिएबल्स (रंग, मापं नावाने साठवायची सोय) आले तेव्हा परत एकदा, कारण लाइट आणि डार्क मोड आता एकाच कंपोनंटमधून मिळतात आणि जुन्या ग्राहकाला डुप्लिकेट फाइलवर ठेवणं मला पटत नाही. खर्च होतो, होऊ दे. किट एकदा विकून मोकळं व्हायची वस्तू नाहीच, ते सांभाळायचं असतं, आणि किंमतही आम्ही तसाच हिशोब करून लावतो.

टीम अजून छोटीच आहे आणि सपोर्टची मेल कोड लिहिणाराच वाचतो, हे मुद्दाम ठेवलंय. हल्ली मेलमध्ये सगळ्यात जास्त एकच विचारणा असते, फाइलमधल्या व्हेरिएबलची नावं आणि डेव्हलपरच्या कोडमधली टोकनची (त्याच रंग-मापांची) नावं जुळत नाहीत, कुठे काय सुटलं ते दाखवा. तोच प्लगइन आता बनवतोय. फरक दाखवेल, बदलायचं की नाही ते डिझायनर ठरवेल.