‘इतर’चा रकाना

गेल्या क्राईम मीटिंगमध्ये एसपी साहेबांच्या हस्ते मला प्रशस्तीपत्र मिळालं. ‘सीसीटीएनएस प्रणालीत उत्कृष्ट कामगिरी, तसेच माहितीच्या देवाणघेवाणीतून बेपत्ता इसमाचा शोध’ असं त्यावर छापलंय. फोटो निघाले, पीआय साहेबांनी स्टेटसला ठेवले, आईने अख्ख्या गल्लीला दाखवले. इसमाचा शोध लागला हे खरं आहे. तो मी लावला हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात सीसीटीएनएस बघते, म्हणजे देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी गुन्हे नोंदींची कॉम्प्युटर प्रणाली. बाहेरच्यांना वाटतं, कॉम्प्युटरवर एफआयआर टाइप झाली की काम संपलं. एफआयआर हा फक्त पहिला फॉर्म. पुढे गुन्ह्याचा तपशील, अटक, जप्ती, दोषारोपपत्र, कोर्टाचा निकाल, अपिलाचा निकाल असे मिळून सात. मिसिंग वेगळं, अनोळखी मयत वेगळं. २६/११ नंतर, २००९ साली केंद्राने ही योजना मंजूर केली, ती एका ठाण्यातली माहिती दुसऱ्या ठाण्याला दिसावी म्हणून. आता आयसीजेएस या जोडप्रणालीमुळे कोर्ट, तुरुंग, फॉरेन्सिक लॅब, सरकारी वकील हेही त्याच धाग्यात आलेत. कल्पना उत्तम आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण महिन्याला क्रमवारी लागते. ठाण्यांची जिल्ह्यात, जिल्ह्यांची राज्यात, राज्यांची दिल्लीच्या ‘प्रगती’ डॅशबोर्डवर. फॉर्म वेळेत भरला का, एवढंच तिथे दिसतं. फॉर्मात काय लिहिलंय ते कोणी बघत नाही.

केस साधी होती. आमच्या हद्दीतला एक ऊसतोड कामगार, वय बेचाळीस, पश्चिम महाराष्ट्रात टोळीसोबत गेलेला, फडावरून रात्रीत गायब झाला. मुकादमाने ‘उचल घेऊन पळाला’ म्हणून गावभर केलं. बायको तिकडच्या ठाण्यात गेली, तर ‘तुमच्या गावच्या ठाण्यात द्या’ असं सांगून तिला परत पाठवलं. हद्दीचं कारण सांगून माणूस परत पाठवणं ही आपल्या खात्याची जुनी खोड, कायदे बदलले तरी जात नाही. सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन ती एसटीने आमच्याकडे आली, तोवर बरेच दिवस गेले होते.

ठाणे अंमलदाराने नेहमीप्रमाणे वर्णन घेतलं: रंग सावळा, बांधा मध्यम, उंची पाच फूट पाच इंच, केस काळे, अंगात शर्ट-पँट. या वर्णनात अर्धा महाराष्ट्र बसतो. त्यांची चूक म्हणत नाही, समोर तीन तक्रारदार उभे असले की असंच लिहिलं जातं. मी बाईंना आत बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, “ताई, आंघोळीलासुद्धा काढत नाहीत असं त्यांच्या अंगावर काय असतं?”

तिने जराही विचार केला नाही. “करदोडा. त्याला पेटीची किल्ली.”

डाव्या दंडावर गोंदण होतं, लहानपणी जत्रेत काढलेलं, नाव पुसट झालेलं. ते तिला मागाहून आठवलं. किल्ली मात्र आधी, कारण घरात त्या किल्लीवरून भांडणं व्हायची.

असल्या मिसिंगमध्ये मी पहिल्यांदा तुरुंग बघते. लोकांना हे विचित्र वाटेल, पण घरच्यांनी मेला म्हणून सोडलेला माणूस कुठल्यातरी किरकोळ गुन्ह्यात जेलमध्ये बसलेला सापडतो; घरी कळवायला त्याच्याकडे ना नंबर असतो ना तोंड. आयसीजेएसवर नाव टाकून पाहिलं. नावाचे चार प्रकार करून पाहिले, कारण दत्तात्रयचा दत्ता होतो, दत्तू होतो. काही निघालं नाही. मग अनोळखी मयत.

इथे ज्यांनी फॉर्म बनवला त्यांच्यावर माझा राग आहे. रंगाचा ड्रॉपडाऊन आहे, गोरा, निमगोरा, सावळा वगैरे. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या प्रेताला कसला रंग? फुगलेल्या चेहऱ्यावरून वय लिहायचं, तेही कोणीतरी अंदाजाने. आमच्या माणसाचं वय बेचाळीस, तिकडे ‘५० ते ५५’ लिहिलं असेल, तर प्रणाली दोघांना एकमेकांसमोर उभंच करत नाही. जितके जास्त रकाने भराल तितका माणूस लांब जातो. त्यामुळे मी सगळं रिकामं ठेवते. पुरुष, आणि कुठल्या तारखेनंतर, बस्स. मग जी यादी येते ती एकेक उघडून वाचायची. दिवसा सर्व्हर चालत नाही, म्हणून नाईटला वाचायची. बहुतेक नोंदींत ‘इतर माहिती’च्या रकान्यात ‘निरंक’ असतं, किंवा ‘पंचनाम्याप्रमाणे’. पंचनामा त्यांच्या कपाटात, मी इथे.

एका नोंदीशी येऊन थांबले. रंग काळा, वय ५० ते ५५, म्हणजे आमच्याशी काहीच जुळत नव्हतं. पण ‘इतर’मध्ये एक परिच्छेदच होता: ‘कॅनॉलच्या गेटला अडकलेले. कमरेस काळा करदोडा, त्यास लहान पितळी किल्ली, पेटीच्या कुलुपाची असावी, किल्लीवर अंक कोरलेला. डाव्या दंडावर गोंदण, अक्षरे अस्पष्ट, दुसरे अक्षर त वाटते. शर्ट धुऊन पाहता कॉलरला टेलरचे लेबल, गावाचे नाव निघून गेलेले, पिन कोडचे शेवटचे अंक दिसतात. हाताला कोयत्याचे घट्टे.’

शर्ट धुऊन पाहता! खात्यात इतकी वर्षं काढली, पण मयताचा शर्ट धुऊन वाळवून कॉलर बघणारा अंमलदार मी तोपर्यंत पाहिला नव्हता. कपडे पिशवीत भरून लाख लावून कोपऱ्यात टाकले की आपलं काम झालं, असाच सगळ्यांचा रिवाज. पिन कोडचे अंक आमच्या तालुक्याचे होते.

सकाळी त्या ठाण्यात फोन लावला. नोंद करणारे हवालदार निवृत्तीला आलेले, आवाज घोगरा. “मॅडम, प्रेत पुरलंय, वाट बघून बघून. पण दात आणि हाडाचा तुकडा राखून ठेवायला लावलाय डॉक्टरांना. किल्ली मुद्देमालात आहे. बाईंना म्हणावं, कुलूप घेऊन या.”

मला हे सुचलं नव्हतं. बायको आणि दीर गेले. तिने पेटीचं कुलूप कडीसकट काढून, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घालून नेलं होतं. हवालदारांनी मुद्देमालाचं पाकीट पंचांसमोर फोडलं, किल्ली लावली. कुलूप उघडलं. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढून मला पाठवला. त्यात बाईंचा चेहरा नाही, फक्त हात आणि कुलूप, आणि मागे कोणाचातरी ‘तारीख वेळ सांगा’ असा आवाज.

अर्थात कुलुपाने दाखला मिळत नाही. मुलाचं रक्त घेतलं, डीएनए लॅबला गेला, रिपोर्ट यायला लागायचा तितका वेळ लागला. पण प्रेत सापडलंच नसतं तर बाईंना सात वर्षं थांबावं लागलं असतं, तेव्हा कुठे कायदा मेला असं गृहीत धरतो. तोवर ना दाखला, ना वारस नोंद, ना कसलं अनुदान, वर मुकादमाची उचल डोक्यावर. रिपोर्ट आला तेव्हा उचलीचा विषय तरी गावात बंद झाला.

आता प्रशस्तीपत्राकडे येते. आमच्या ठाण्याची पेंडन्सी, म्हणजे भरायचे राहिलेले फॉर्म, त्या महिन्यात शून्य होती, म्हणून आधीच आमचं नाव यादीत होतं. ही केस वरून जोडली गेली. हवालदारांचं ठाणं त्याच महिन्यात त्यांच्या जिल्ह्यात तळाला. त्याला कारण हीच नोंद. शर्ट वाळेपर्यंत आणि डॉक्टरांचं तोंडी मत मिळेपर्यंत त्यांनी ती सबमिट केली नव्हती, मुदत उलटली आणि रकाना लाल झाला. त्याबद्दल त्यांना मेमो निघाला होता. मला हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या ठाण्यातल्या सीसीटीएनएसच्या पोरीने सांगितलं, तेही हसत.

मी साहेबांना म्हटलं, सर, नाव त्यांचं पाहिजे. साहेब चांगले आहेत, ऐकून घेतलं. बक्षीस शाखेत गेले तर क्लार्कने विचारलं, “बकल नंबर?” सांगितला. “हा आपल्या घटकातला नाही.” दुसऱ्या जिल्ह्याच्या माणसाला आपण बक्षीस देऊ शकत नाही, फार तर त्यांच्या एसपींना शिफारशीचं पत्र जाईल. माहितीची देवाणघेवाण म्हणून बक्षीस द्यायचं, आणि देणारा-घेणारा एकाच जिल्ह्यातला पाहिजे! क्लार्कलाही हसू आलं, पण प्रोफॉर्म्यात जागा नाही म्हणजे नाही. दिल्लीत एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, त्यांच्या परिषदेतही राज्यांना आणि दलांना पुरस्कार देतात.

पत्र गेलं. जावक नंबर माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही. हवालदारांना सांगितलं तर म्हणाले, “राहू द्या मॅडम, चार महिने उरलेत. पत्रामुळे मेमो परत वर येईल.”

त्यांच्या ठाण्याची क्रमवारी मात्र सुधारली. मध्यंतरी त्यांची नवीन नोंद पाहिली, ‘इतर माहिती’त लिहिलंय ‘पंचनाम्याप्रमाणे’. त्याच मयताचं सगळं वर्णन त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, चपलेच्या झिजेपासून. मी आमच्या मिसिंगशी ताडून पाहिलं, जमलं नाही. पण राज्यात अकराशेच्या वर ठाणी आहेत, आणि ते वर्णन फक्त माझ्या मोबाईलमध्ये आहे. फोन करून म्हटलं, काका, हे प्रणालीत टाका की. म्हणाले, “टाकतो. महिनाअखेरीचा रिपोर्ट एकदा जाऊ दे.”