लावायला नव्हे, तोडायला या : आमची वाटचाल

योकोहामात मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली. शनिवारी घरामागच्या टेकडीवर फिरायला जायचो, तिथे दहा-बारा निवृत्त मंडळी करवती घेऊन जमलेली असायची. एकदा त्यांच्यातल्या एका आजींनी काही न विचारता माझ्या हातात विळा ठेवला. जपानीत विळ्याला ‘कामा’ म्हणतात. म्हटलं, लागलो कामाला!

असल्या टेकड्यांना इथे सातोयामा म्हणतात. सातो म्हणजे गाव, यामा म्हणजे डोंगर. माणसानं वापरून वापरून घडवलेलं हे रान. कोनारा, कुनुगी ही ओकच्या जातीची झाडं साधारण पंधरा-वीस वर्षांनी बुंध्याशी तोडायची, लाकूड-कोळसा न्यायचा, बुंध्याला फुटवे येऊ द्यायचे. पाचोळा खालच्या भातखाचरांना खत म्हणून जायचा. १९६०च्या दशकात घरोघर गॅस आणि रॉकेल आलं, शेतात रासायनिक खत आलं आणि तोड थांबली. झाडं जाड झाली, खाली अंधार झाला, कडेचा मोसो बांबू आत घुसला. त्याचा कोंब भरात असला की दिवसाला मीटरभरही वाढतो. त्याच्याशी स्पर्धा कोण करणार?

टेकडीवरची मंडळी सत्तरीपुढची. शहरातले तरुण यायला तयार, पण कुणाला विचारायचं ते त्यांना ठाऊक नाही. या दोघांची गाठ घालून देणं हाच आमचा धंदा. मी, बायको आणि ऑफिसातला एक जुना मित्र, असे तिघांनी सुरू केला. अवजारं, विमा, शिकवणं आमच्याकडे. पैसे मुख्यतः कंपन्यांच्या सहलींतून येतात. कुटुंबांच्या रविवारांतून जेमतेम खर्च निघतो.

पहिल्या फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो : “झाडं किती लावायची?” एकही नाही, तोडायची आहेत, असं सांगितल्यावर पलीकडे शांतता. दोन कंपन्यांनी तर तिथेच फोन ठेवला. वार्षिक अहवालात रोपासोबतचा फोटो शोभतो, करवतीसोबतचा नाही.

पहिल्याच वर्षी मोठी चूक झाली. मे महिन्यात एका कंपनीच्या तीस माणसांनी उतार अगदी चकाचक कापून दिला. आम्ही खूश. त्या गवतात किनरानची पिवळी ऑर्किड्स होती. हे झाड ओकच्या मुळांशी नातं असलेल्या बुरशीवर जगतं, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावलं तर बहुधा मरतं. जमिनीचे मालक एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वसंतात आमच्या आधी येऊन त्यांनी प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून गुलाबी फीत बांधली होती. बोलले असते तर बरं वाटलं असतं. आता आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर उतार चालून येतो आणि काठ्या आम्ही रोवतो.

जमीन त्यांचीच, हे शहरी माणसाला पटकन कळत नाही. योकोहामात १९७१पासून ‘नागरिकांचं रान’ ही योजना आहे : मालकी मालकाकडेच, महापालिका करार करते, लोकांना फिरायला मिळतं. २००९पासून शहर रहिवासी कर भरणाऱ्यांकडून वर्षाला ९०० येन हिरवा करही घेतं. मी तो आनंदानं भरतो. असं वाक्य कराबद्दल पुन्हा लिहीन असं वाटत नाही. शेजारच्या कामाकुरात तर १९६४मध्ये देवळामागची टेकडी बिल्डरकडे जाऊ नये म्हणून रहिवाशांनी चळवळ केली आणि वर्गणी काढून जमीन विकत घेतली. आमच्याकडे तेवढं भांडवल नाही, हात आहेत.

गेल्या काही वर्षांत ओक सुकण्याचा रोग पसरलाय. एक बारीक भुंगेरा खोडात शिरताना बुरशी घेऊन जातो. त्याला जाड, म्हातारी खोडं आवडतात, म्हणजे नेमकी ती झाडं जी वेळेवर तोडली गेली नाहीत. त्यात म्हातारा बुंधा तोडला तरी फुटवा धरेलच असं नाही. मोठी खोडं आम्ही प्रशिक्षित लाकूडतोड्यांवर सोपवतो, पाहुण्यांच्या हाती फक्त हातकरवत. चेनसॉ मागणारा एक तरी साहेब प्रत्येक गटात असतोच.

दोन हिवाळ्यांपूर्वी तोडलेल्या तुकड्यात बुंध्यांवर फुटव्यांचे झुपके आलेत. प्रत्येकावर दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढायचेत. कोणते ठेवायचे यावरून मालक आणि त्या विळा देणाऱ्या आजी यांच्यात वाद चालू आहे. तो मिटेपर्यंत त्या तुकड्याचं बुकिंग आम्ही घेत नाही.