व्हायरल झालं, पण लक्षात काय राहिलं?

एखाद्या ब्रँडने काहीतरी अचाट केलं की मार्केटिंगवाले लगेच खुश, लोकांनी बघितलं ना मग झालं. मला हे कधीच पटलं नाही. बघितलं ठीक आहे हो, पण बघून डोक्यात राहिलं काय?

माझ्या मते सगळ्यात अस्सल स्टंट लिफ्टचा सेफ्टी ब्रेक बनवणाऱ्या एलिशा ओटिसचा. १८५४, न्यूयॉर्कचं क्रिस्टल पॅलेस प्रदर्शन. दोर तुटला तर लिफ्ट खाली कोसळणार ही तेव्हा सगळ्यांनाच धास्ती, म्हणून हा गडी स्वतः उघड्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून वर गेला आणि गर्दीसमोर दोरच कापायला लावला. प्लॅटफॉर्म जरासा घसरला, ब्रेक लागला, थांबला. जी भीती होती तीच लोकांसमोर उभी करून मोडून काढली, वेगळं काही सांगायची गरजच नाही. २०१३ मध्ये व्होल्वोच्या दोन चालत्या ट्रकांच्या आरशांवर एकेक पाय ठेवून अ‍ॅक्शन हिरो व्हॅन डॅमने स्प्लिट मारला ती जाहिरात पण याच जातीची, कारण ट्रकचं स्टीअरिंग किती स्थिर आहे हे आल्याशिवाय तो किस्सा सांगताच येत नाही.

आता कोणी म्हणेल एनर्जी ड्रिंकवाल्या रेड बुलचं काय, २०१२ मध्ये स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनरला सुमारे ३९ किमीवरून उडी मारायला लावली, त्याचा पेयाशी काय संबंध? सरळ संबंध नाहीच. पण ते आधी कित्येक वर्षं असल्याच जिवावरच्या खेळांमागे पैसा लावत होते, त्यामुळे उडी उपरी वाटली नाही. उलट पेप्सीने २०१७ मध्ये मॉडेल केंडल जेनरला मोर्चातून पुढे आणून पोलिसाच्या हातात कॅन द्यायला लावला, तेव्हा लोक भडकले आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात मागे घ्यावी लागली. लोक जीव तोडून ज्यासाठी रस्त्यावर उतरतात ते यांनी सजावटीला वापरलं, अजून काय होणार.

पण मला खरी मजा वाटते ती व्हॅक्यूम क्लीनरवाल्या हूव्हर कंपनीची. ब्रिटन, १९९२. १०० पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन रिटर्न तिकिटं फुकट, आधी युरोपची, मग चक्क अमेरिकेची! हिशोब असा की अटी आणि फॉर्म इतके किचकट की बरेच जण कंटाळून सोडून देतील. म्हणजे स्कीम चालायची तर गिऱ्हाइकाने बक्षीस न घेणं गरजेचं, हे कोणाला खटकलं कसं नाही देव जाणे. लोकांनी नको असलेले व्हॅक्यूम क्लीनर फक्त तिकिटांसाठी उचलले, कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा खड्डा, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे, आणि १९९५ मध्ये युरोपातला धंदाच इटलीच्या कँडी कंपनीला विकून टाकला.

त्याच १९९२ मध्ये फिलिपिन्समध्ये पेप्सीची झाकणाखाली नंबरवाली स्कीम होती, मोठं बक्षीस १० लाख पेसो. विक्री जोरात वाढली. मग टीव्हीवर विजेता नंबर जाहीर झाला ३४९, आणि तो छापलेला निघाला लाखो झाकणांवर. कंपनीने चूक झाली म्हणत ५०० पेसो देऊ केले, अनेकांनी घेतलेही, पण बाकीचे रस्त्यावर उतरले, ट्रक जाळले, माणसं मेली. २००६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात कंपनी सुटली, झाकण जपून ठेवलेल्यांना काही मिळालं नाही.