आमची वाटचाल : टोकदार कानांची एक जोडी

रंगभूषेसाठी लॅटेक्सची नाके, टकले आणि जखमा तयार करणारी आमची कार्यशाळा पुण्यात दोन खोल्यांत चालते. तिला वळण लावले ते ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातील विज्ञानकथा-मालिकेतील स्पॉक या पात्राने, किंबहुना लिओनार्ड निमॉय यांनी ती भूमिका करताना लावलेल्या टोकदार कानांनी.

एका हौशी नटाने तशीच जोडी मागितली. आम्ही मोठ्या उत्साहाने कानभर बसणारी, जाडजूड जोडी ओतून दिली आणि तालमीत त्याला समोरच्याचे वाक्यच ऐकू येईना. स्पॉकचे वडील सारेक व्हल्कन या काल्पनिक ग्रहावरचे, आई अमांडा पृथ्वीवरची. त्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आणि डोळ्यांना प्रखर प्रकाशापासून वाचवणारी आतली पापणीही त्याला आहे. अशा पात्राचे कान लावून आम्ही माणसाला बहिरे केले होते! (कच्च्या रबराला गंधकाने पक्के करण्याच्या क्रियेचे व्हल्कनायझेशन हे नावही ज्या रोमन अग्निदेवतेवरून पडले, तिचेच नाव या ग्रहाला आहे, ते उच्चारताना आम्हाला अजून हसू येते.)

पैसे परत करून आम्ही साचा नव्याने घडवला. आता तुकडा कानाच्या फक्त वरच्या भागावर बसतो, कानाचे छिद्र मोकळे राहते आणि कडा इतक्या पातळ असतात की गोंदाने चिकटवल्यावर सांधा दिसत नाही. मात्र काढताना त्याच कडा फाटतात, म्हणून प्रत्येक प्रयोगाला नवी जोडी द्यावी लागते.

पुढे दुसऱ्या एका ग्राहकाने कपाळ आणि गालही लॅटेक्सने झाकून मागितले, तेव्हा आम्ही नकार दिला, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. स्पॉक भावनाशून्य नाही. व्हल्कन लोकांच्या भावना मुळात अतिशय तीव्र असतात आणि तर्काच्या कठोर शिस्तीने ते त्यांना आवर घालतात, म्हणूनच निमॉय यांची एक उचललेली भुवई पानभर संवादाचे काम करते. ती भुवईच रबराखाली गेली, तर नटाजवळ उरते काय?

हल्ली जोडी ताब्यात देण्यापूर्वी आम्ही नटाला भिंतीकडे तोंड करून बसवतो आणि मागून हळू आवाजात हाक मारतो. त्याने मान वळवली नाही, तर कान पुन्हा साच्याकडे जातात.